घरी बांधलेल्या विमानाचं पॅनेल: कोणतं मीटर कुठे, कोणता स्विच कुठे?

कपाशीवाला

मंडळी, विमान एकदाचं आत बसता येईल इतपत झालं. ज्यांनी आधीचा धागा वाचला नाही त्यांच्यासाठी: हिंगणघाटजवळ आमची बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. तिच्या शेडमध्ये दोन सीटचं, पत्र्याचं, वर पंख असलेलं विमान नकाशे आणून बांधतोय. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर. सांगाडा, पंख, शेपूट, चाकं आटोपली. आता पॅनेलवर गाडी अडलीय.

पत्रा अजून कोरा आहे. मोठ्या मीटरला ३ १/८ इंचाचं भोक लागतं, लहानाला २ १/४. भोक पाडल्यावर सल्ले ऐकण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच विचारतो. बेत असा आहे: डावीकडे माझ्यासमोर वेगाचं मीटर, अल्टिमीटर, चढ-उताराचं मीटर. मध्ये दहा इंची स्क्रीन. उजवीकडे इंजिनचं सगळं, म्हणजे आरपीएम, तेलाचं तापमान, तेलाचा दाब, हेडचं तापमान, व्होल्ट. होकायंत्र वर काचेपाशी. आणि खाली एका ओळीत बारा रॉकर स्विच, सगळे एकसारखे, काळे, निळा दिवा लागणारे. मास्टर (विजेचा मुख्य स्विच), दोन्ही इग्निशन, पेट्रोलचा पंप, स्ट्रोब (लुकलुकणारा दिवा), लँडिंग लाइट, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख कळवणारं यंत्र), सगळं त्याच ओळीत. दिसायला एकदम झकास.

काय म्हणता?

टपरीवरून

पहिला प्रतिसाद माझा. विमानातलं शून्य कळतं, पण चहा सांगितलाय. चालू द्या.

जुना फिटर

हवाई दलात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, आता वर्ध्याला असतो. मीटरांचं नंतर बोलू. आधी त्या बारा एकसारख्या स्विचांचं बघू, कारण मला ते अजिबात पसंत नाहीत.

डोळे मिटून खुर्चीत बसा आणि कोणालातरी म्हणायला सांगा, "लँडिंग लाइट बंद." हात कितव्या स्विचवर जातो? सहाव्या की सातव्या? आणि सातवा इग्निशनचा निघाला तर? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरमध्ये नेमकं हेच व्हायचं. विमान उतरलं की पायलट फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली-वर होणारी पट्टी) वर घ्यायला जायचा आणि चाकंच आत घ्यायचा. विमान पोटावर. १९४३ च्या सुमारास अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाहिलं की दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि अगदी जुळे आहेत. त्याने चाकांच्या स्विचला छोटं रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या स्विचला पाचरीसारखी मूठ. पायलटला झापलं नाही, मूठ बदलली. आजही चाकांच्या लिव्हरची मूठ चाकासारखीच असते.

तेव्हा इंजिन बंद पाडू शकणारे स्विच एका टोकाला, बाकीचे दुसरीकडे, मध्ये चांगली चार बोटं मोकळी. आणि दोन्ही गटांच्या मुठी वेगळ्या.

शंकेखोर

मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. हे उडवायची परवानगी मिळते का? नाहीतर पॅनेल लावून शेडमध्येच बसायचं.

कपाशीवाला

परवानगीचा धागा वेगळा आहे, तिकडे या. थोडक्यात सांगायचं तर डीजीसीएकडे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याकडे, नोंदणी, शेपटीवर व्हीटीने सुरू होणारी अक्षरं, मग उडवायचं परमिट, आणि तोवर चाकं जमिनीवर. होतच नाही असं नाही. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं टीएसी-००३ हे विमान २०१६ च्या मेक इन इंडियामध्ये बीकेसीत ठेवलं होतं. त्याला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी मिळाली. फाईल फिरायला वर्षं लागतात, ती फिरतेय. इथे पॅनेलचंच बोलू.

दारव्ह्याचा बॅटरीवाला

भाऊ, मी ट्रॅक्टर, जेसीबीची वायरिंग करतो. इमानाचं मले काही समजत नाही, पण स्विचाचं समजते. एक गोष्ट अजून कोनी बोललं नाही. घरी स्विच खाली केला का पंखा चालू होते. इमानात म्हने वर केला का चालू. खरं हाय का हे? कारन असं असन त मानसाचा हात सवयीनं खालीच जाईन ना बाप्पा.

उजवी सीट

बॅटरीवाले भाऊ, लाखाची बोललात.

मी शिकवतो, म्हणून उजवीकडे बसतो. स्वतः गोंदियाच्या बिरसीला शिकलो. विमानात वर किंवा पुढे म्हणजे चालू, अशी पद्धत. आपल्या घरात ब्रिटिश पद्धत, खाली म्हणजे चालू. अमेरिकेतल्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही, त्याच्या घरीही वर म्हणजेच चालू. आपल्याकडचं पोरगं वीस वर्षं खाली दाबून दिवा लावतं आणि मग आमच्याकडे येतं. शांतपणे बसलेलं असताना कोणी चुकत नाही. मी थ्रॉटल (इंजिनाची रेस) ओढून "इंजिन गेलं" म्हणालो की घरचा हात जागा होतो. पंप चालू करायचा म्हणून खाली ओढतात, म्हणजे चालू असलेला पंप बंद.

यावर माझा उपाय एकच. पॅनेलवर एकही अपवाद ठेवायचा नाही. सगळे स्विच उभे, सगळे वर चालू. आडवा स्विच तर नकोच, डावीकडे चालू की उजवीकडे हे घाईत कोणाला आठवत नाही. टेकऑफला जे चालू हवं ते सगळं वर, म्हणजे दांड्यांची ओळ सरळ दिसते आणि एखादी खाली असेल तर डोळ्यात खुपते.

अकोलेकरीण

पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे दोन गोष्टी माझ्या.

एक, रॉकर नको, टॉगल घ्या. निळा दिवा शेडमध्ये छान दिसतो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता, वर पारदर्शक छत असताना, तो लागलाय की नाही हे कळणार नाही. रॉकर कुठल्या बाजूला दबलाय हेही लांबून दिसत नाही. टॉगलची दांडी ऊन असो की अंधार, दिसते आणि बोटालाही कळते.

दुसरी गोष्ट वायरिंग करताना लक्षात ठेवा. साध्या टॉगलमध्ये दांडी वर केली की मागचं खालचं टर्मिनल जोडलं जातं. आतली पट्टी टेकूवर उलटी फिरते ना, म्हणून. मागून बघून "वरचं टर्मिनल म्हणजे वर चालू" असं धरलं की अख्खी ओळ उलटी होते. मल्टीमीटर लावा, बझर वाजला की मगच तारेच्या टोकाला थिंबल चढवा.

आणि हो, स्विचवर "२५० व्होल्ट एसी ६ अँपिअर" छापलंय म्हणून तो डीसीला चालेलच असं नाही. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपोआप विझते. डीसीत तसं होत नाही, संपर्क जळत जातात. पंप, रिले असल्या कॉइलच्या लोडला तर जास्तच. डीसी रेटिंग वेगळं छापलेलं असेल तेच घ्या.

कपाशीवाला

रॉकर रद्द. निळ्या दिव्यांचा मोह होता, सोडला. इग्निशनला मात्र किल्ली लावावी असं वडिलांचं म्हणणं आहे. जीपसारखी. पोरंसोरं शेडमध्ये येतात, कोणी चालू करू नये म्हणून.

जुना फिटर

वडिलांचा मुद्दा बरोबर, पण किल्लीने तो सुटत नाही.

९१२ ला दोन स्वतंत्र इग्निशन आहेत, आणि दोन्ही आपली वीज इंजिनातल्या कॉइलमधूनच घेतात. बॅटरीशी त्यांचा संबंध नाही. स्विच "बंद" केला की मॉड्यूलची तार बॉडीला टेकते आणि ठिणगी थांबते. "चालू" म्हणजे ती तार मोकळी. गाडीच्या अगदी उलट. मास्टर बंद केला, बॅटरी काढून घरी नेली, तरी चालू इंजिन चालूच राहतं.

दारव्ह्याचा बॅटरीवाला

म्हंजे स्विचाची तार तुटली त इंजिन बंदच होनार नाही?

जुना फिटर

नाही होणार. हवेत ती चांगली गोष्ट आहे, जमिनीवर धोक्याची. म्हणून पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, हात लावताना, स्विच बंद आहे, किल्ली खिशात आहे, हे काहीही मनात आणायचं नाही. पंखा कायम जिवंत समजायचा. पोरांसाठी शेडला कुलूप आणि पंख्याला दोरी, हाच इलाज.

मी दोन वेगळे टॉगल लावेन, ओढून मग हलवायचे असतात तसले, म्हणजे बाहीला अडकून चुकून बंद होत नाहीत. टेकऑफच्या आधी ४००० आरपीएमला एकेक बंद करून बघायचं असतं. आरपीएम ३०० पेक्षा जास्त पडायला नको, आणि दोन्हींतला फरक ११५ च्या आत हवा. दोन टॉगलनी हे सरळ होतं. किल्लीत चार घरं असतात आणि एक जास्त फिरलं तर इंजिन बंद.

जे लोक ९१२ आयएस, म्हणजे इंजेक्शनचं इंजिन लावताहेत त्यांनी वरचं वाचून तसंच करू नये. त्याला विजेशिवाय चालत नाही, त्याचं वायरिंग पूर्ण निराळं.

उजवी सीट

आता जागा. कपाशीवाले, पत्रा बाजूला ठेवा आणि फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणा. पॅनेलच्या मापाचा कापा, मीटरांच्या वर्तुळांचे कागद चिकटवा, स्विचच्या जागी बाटलीची झाकणं. ते विमानात बसवा, सीटचे पट्टे करकचून आवळा आणि मग हात लावून बघा. पट्टे सैल ठेवून बसलेला माणूस सहा इंच पुढे वाकतो, आवळलेला वाकत नाही. अर्धे स्विच तिथेच लांब पडतात.

स्टिकवरचा हात सोडायचा नाही, त्यामुळे काम करतो तो थ्रॉटलचा हात. जमिनीजवळ लागणारं सगळं, म्हणजे पंप, फ्लॅप, लँडिंग लाइट, त्या हाताच्या वीतभर अंतरात हवं. मास्टर, इग्निशन, स्टार्टर हवेत लागत नाहीत, ते डाव्या टोकाला जाऊ द्या. पण इंजिन बिघडलं की याच क्रमाने हात फिरतो: पेट्रोलचा कॉक, पंप, चोक आत आहे ना, इग्निशन दोन्ही वर. पुठ्ठ्यावर हा क्रम पुन्हा पुन्हा करून बघा. हात एका दिशेने सरकायला हवा. उड्या मारत असेल तर झाकणं हलवा. पुठ्ठा फुकट आहे.

शेजारी बसणाऱ्यालाही बसवून बघा. तुमच्याकडे मधली स्टिक असेल तर त्याचा डावा गुडघा पॅनेलच्या खालच्या कडेला लागतो. तिथे स्विच ठेवला की तो गुडघ्यानेच चालू-बंद होतो.

चोक आणि थ्रॉटलच्या मुठी सारख्या असतील तर एक बदला. कारण वर फिटरकाकांनी सांगितलंच आहे.

टपरीवरून

पुठ्ठ्याच्या विमानात पट्टे आवळून बसलेला माणूस जिनिंगमध्ये दिसला तर गावात काय बोलतील याचा विचार झालाय का?

कपाशीवाला

गाव दोन वर्षांपासून बोलतंय. आता काही नवीन उरलं नाही.

अकोलेकरीण

स्क्रीनचं बोलूया का? दहा इंची स्क्रीन मला स्वतःला आवडते. वेग, उंची, क्षितिज (विमान किती कललंय ते), इंजिन, नकाशा, सगळं एका जागी, शिवाय एखादी गोष्ट मर्यादेबाहेर गेली की लाल होऊन ओरडते. तुमच्या बेतात मात्र ती मध्ये आहे, आणि डावीकडे तेच आकडे डायलवर, उजवीकडेही तेच डायलवर. वजनही दुप्पट, खर्चही.

शिवाय आमच्या अकोल्यात, तुमच्या वर्धा-चंद्रपुरात मेमध्ये ४५ अंश सावलीत असतात. बंद केबिन उन्हात उभी राहिली की आत त्याहून बरंच जास्त. स्क्रीन घ्यायच्या आधी तिच्या कागदावर कामाचं कमाल तापमान किती लिहिलंय ते बघा, आणि मागे हवा खेळायला जागा, जमल्यास छोटा पंखा ठेवा. विमानासाठी बनवलेल्या स्क्रीनचं कदाचित निभेल. मोबाइल किंवा टॅब छातीवर चिकटवून उडणाऱ्यांचं नाही निभत, तो "खूप गरम झालंय" म्हणून काळा होतो आणि नेमका नकाशा हवा तेव्हाच.

जुना फिटर

ताई, पूर्ण सहमत. एक काहीतरी मुख्य धरा. स्क्रीन मुख्य असेल तर ती सरळ पायलटसमोर, आणि तिच्या बाजूला वेग आणि उंची अशी दोन साधी डायल, वीज नसली तरी चालणारी. पिटो (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी) आणि स्टॅटिक (भोवतालच्या हवेचा दाब घेणारी) या नळ्यांवरच ती चालतात. होकायंत्र आहेच. इंजिनचं सगळं स्क्रीनवर गेलं तर उजवी बाजू रिकामी राहते, तिथे रेडिओ.

डायल मुख्य ठेवायची असतील तर जुनी मांडणी मोडू नका. वेग डावीकडे, क्षितिज मध्ये, अल्टिमीटर उजवीकडे, दिशा क्षितिजाखाली. जगातल्या बहुतेक विमानांत नजर तशीच फिरते, उद्या दुसऱ्या विमानात बसलात तरी डोळ्यांना नवीन शिकावं लागत नाही.

उजवी सीट

बाहेरच्या तापमानाचं छोटं मीटर विसरू नका. आपल्या भागात ते शोभेचं नाही. समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, ४५ अंशांना, हवा सुमारे ५००० फुटांवर असावी इतकी विरळ असते. धावपट्टी लांब लागते, चढण कमी. ते मीटर बघून "संध्याकाळी जाऊ" असं ठरवता आलं तरी त्याचे पैसे वसूल.

उलट, रोटॅक्सला टेकऑफच्या आधी तेल किमान ५० अंश हवं असतं. युरोपात लोक त्यासाठी उभे राहून वाट बघतात. इथे त्याची चिंता नाही, इथे वरचा १३० चा आकडा बघायचा. डायलवर लाल रेघ तिथे मारा.

दारव्ह्याचा बॅटरीवाला

करंटाचा हिशेब केला का कोनी? अल्टरनेटर केवढ्याचा हाय?

कपाशीवाला

इंजिनातला आहे तोच, २५० वॅटचा. पूर्ण आरपीएमला. आयडलला बराच कमी देतो.

दारव्ह्याचा बॅटरीवाला

म्हंजे १४ व्होल्टवर १७-१८ अँपिअर धरा. सगळं एकदम चालू ठेवून जोडा: स्ट्रोब, लाइट, पंप, स्क्रीन, ट्रान्सपाँडर, आन रेडिओवर बोलताना जे लागते थे. वरून मोबाइलचं चार्जिंग. बेरीज बारा-तेराच्या वर गेली त काहीतरी कमी करा, बॅटरीले भरायलेबी काही उरलं पायजे. व्होल्ट मीटर नजरेसमोर ठेवा, आन १३ च्या खाली गेलं का लागनारा एक लाल दिवा. अल्टरनेटर मेला का मानसाले समजत नाही, बॅटरीवर सगळं झकास चालते. मग एकदम अंधार.

फ्यूज बॅटरीकडच्या टोकाले लावजा, यंत्राकडच्या नाही. फ्यूज तारेसाठी असते. रेडिओ जळला त नवा येते, तार जळली त इमान जाते. माह्या धंद्यात सगळ्यात जास्त आगी याच कारनानं पाह्यल्या.

अकोलेकरीण

भाऊ, हे वाक्य मी वर्गात वापरणार. आकडे जोडते: २२ गेजच्या तारेला ५ अँपिअर, २० ला साडेसात, १८ ला १०. त्याहून मोठा फ्यूज नको. तार विमानाचीच घ्या, टेफझेल म्हणतात ती, कथील चढवलेलं तांबं आणि १५० अंश सोसणारं आवरण. पीव्हीसीची तार पेटली की तिचा धूर आधी माणसाला आडवा करतो. आणि सोल्डरपेक्षा क्रिम्प, म्हणजे थिंबल दाबून बसवणं. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

कपाशीवाला

तारेवरून आठवलं. नागपुरातल्या एका दुकानातून "शुद्ध तांबं, विमानाला चालेल" म्हणून गुंडाळी आणली होती. ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. परत घ्यायला तयार नाही, वर "सगळे हीच नेतात." सध्या शेडमधल्या बल्बला लावलीय. बाकीच्यांनी घेताना दुकानातच खरवडून बघा.

शंकेखोर

होकायंत्र पॅनेलच्या अगदी वर, आणि खाली एवढ्या तारा. ते बरोबर दाखवेल?

जुना फिटर

शंका आज पहिल्यांदा कामाची. नाही दाखवणार, काळजी घेतली नाही तर.

हिशेब करा. एका तारेतून ५ अँपिअर जातोय आणि ती होकायंत्रापासून २० सेंटीमीटरवर आहे, तर तिचं चुंबकीय क्षेत्र ५ मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं आडवं क्षेत्र आपल्याकडे ३८-३९ च्या आसपास. तार वाईट दिशेने गेली असेल तर सुई सुमारे ७ अंश हलते, आणि लाइट बंद केला की परत येते. गंमत म्हणजे ती चूक दिव्यासोबत चालू-बंद होते, त्यामुळे शोधून सापडत नाही. इलाज सोपा आहे: जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पिळून न्या, दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात. होकायंत्राजवळ बॉडीचं अर्थिंग वापरू नका, परतीची तार वेगळी ओढा. जवळचे स्क्रू पितळेचे. स्पीकर, मोबाइलचा चुंबकाचा स्टँड, लांब.

मग विमान शेडपासून दूर न्या, पत्रे, बोअरचे पाईप, विजेचे खांब नाहीत अशा मोकळ्या वावरात. दर ३० अंशांना उभं करून, इंजिन चालू, रेडिओ चालू, सगळं उड्डाणात असतं तसं ठेवून नोंद घ्या. त्या फरकांचं कार्ड होकायंत्राखाली. विदर्भात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेवढी कटकट वाचली.

कपाशीवाला

फिटरकाका, वेगाचं मीटर जुनं मिळालंय. बरोबर आहे की नाही हे इथे खेड्यात कसं तपासायचं? नागपूरला कॅलिब्रेशनला पाठवणारच आहे, पण आधी मला कळायला हवं.

जुना फिटर

गवंड्याची लेव्हल पाईप आहे ना? पारदर्शक? झालं तर.

फळीवर तिचा यू आकार करा, मध्ये स्टीलची पट्टी, अर्ध्यापर्यंत पाणी, दिसावं म्हणून थोडी नीळ टाका. एक टोक उघडं. दुसऱ्या टोकाला टी जोडून एक फाटा मीटरच्या पिटोला आणि एक मोठ्या सिरिंजला. मीटरची स्टॅटिकची नळी उघडी ठेवा. सिरिंज अगदी हळू दाबा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. ४० नॉटला २६ मिलीमीटर, ६० ला जवळपास ६०, ८० ला १०६, १०० ला १६५. वेग दुप्पट, पाणी चौपट. उन्हाळ्यात केलं काय नि हिवाळ्यात केलं काय, आकडे हेच. मीटर आखताना समुद्रसपाटीची ठरावीक हवाच धरलेली असते.

८० वर आणून नळी चिमट्याने बंद करा आणि बघत राहा. काटा उतरला तर गळती. स्टॅटिकची परीक्षा उलटी, तिथे सिरिंज हळूच ओढायची. अल्टिमीटर हजार फूट वर दाखवेल इतकं ओढा, बंद करा, एका मिनिटात शंभर फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. ओढताना चढ-उताराच्या मीटरवर डोळा ठेवा, काटा टोकाला आपटू देऊ नका, आणि सोडतानाही तितकंच हळू. तोंडाने फुंकायचं नाही. कंप्रेसर तर जवळही आणायचा नाही, एका फुंकरीत मीटरचा डबा फुटतो.

आणि स्टॅटिकचं तोंड केबिनच्या आत सोडू नका. दार किंचित उघडलं तरी आतला दाब बदलतो आणि उंची, वेग दोन्ही थापा मारतात.

उजवी सीट

+१. वेगाच्या मीटरवर रंगाचे पट्टे तुमच्याच विमानाच्या आकड्यांनी मारा: पांढरा फ्लॅपचा, हिरवा रोजचा, पिवळा शांत हवेतच, लाल रेघ म्हणजे त्यापुढे कधीच नाही. पट्टे काचेवर मारणार असाल तर काच आणि डब्यावरून एक बारीक पांढरी रेघ ओढा. काच फिरली की रेघ तुटते आणि पट्टे सरकल्याचं कळतं. मीटर मैलात असेल तर बदला. पुस्तिका नॉटमध्ये, डायल मैलात, स्क्रीन किलोमीटरमध्ये, असली खिचडी मी पाहिलीय.

अकोलेकरीण

पिटोला टोपी शिवा, लाल कापडाची लांब शेपूट असलेली. कुंभारीण माशी एका दुपारीत नळीत मातीचं घर करते. आणि शेडमध्ये उंदीर असतीलच. प्लास्टिकच्या नळ्या त्यांना फार आवडतात. दर वेळी पॅनेलच्या मागे टॉर्च मारा.

कपाशीवाला

सगळं वहीत उतरवलं. पुठ्ठा कापून बसूनही पाहिलं, आणि चित्र बरंच बदललं.

स्क्रीन आता सात इंची, माझ्यासमोर. तिच्या डावीकडे वेग, उजवीकडे अल्टिमीटर, दोन्ही साधी डायल. बाहेरचं तापमान अल्टिमीटरखाली. डाव्या टोकाला मास्टर आणि ओढून हलवायचे दोन इग्निशन, मग मोकळी जागा. थ्रॉटलच्या वर पंप, लँडिंग लाइट आणि फ्लॅप. फ्लॅपचा स्विच सोडला की मध्ये परत येणारा, मूठ चपटी. उजवीकडे रेडिओ, ट्रान्सपाँडर, फ्यूजची पट्टी. बाराचे नऊ झाले.

एक अडलंय. स्टार्टरचं बटण इग्निशनच्या बाजूला असावं असं मला वाटतं. वडील म्हणतात उजवीकडे न्या, म्हणजे दोन हात लागतील आणि चुकून दाबलं जाणार नाही.

उजवी सीट

वडिलांशी असहमत. सुरू करताना एक हात थ्रॉटलवर हवा, दुसरा स्टार्टरवर, आणि स्टिक पोटाशी गुडघ्यांत. उजवीकडे नेलं तर पंख्याकडे बघायचं सोडून बटण शोधाल. डावीकडेच ठेवा, पण पत्र्यात जरा आत बसवा.

जुना फिटर

मी वडिलांच्या बाजूने. बटणाभोवती नुसतं कडं असून भागत नाही, झाकण हवं. पण ते असलं की डावीकडेही चालेल.

दारव्ह्याचा बॅटरीवाला

कुठंबी ठेवा, पन स्टार्टरचा रिले बॅटरीजवळ लावजा, जाड तार प्यानलात आनू नोका. आन हरेक तारेच्या दोन्ही टोकाले नंबर टाकजा, स्लीव्हच्या आत कागद घालून. बाहेर पेनानं लिहिलेलं एका पावसाळ्यात पुसते. भोकं पाडाच्या दिवशी सांगजा, मी येतो, होल-सॉ माह्याकडं हाय.